मुलांना होणारी दादागिरी : क्षमा करायची म्हणजे गप्प बसायचे का?

गोव्यात आपल्या मंडळाच्या बऱ्याच सभासदांची मुले-नातवंडे चर्चच्या संस्थांनी चालवलेल्या शाळांत शिकतात. तिथे एखादे फादर, सिस्टर किंवा ख्रिस्ती समुपदेशक मुलांशी बोलतात तेव्हा ‘क्षमा’ हा शब्द हमखास येतो. मग पालकांना प्रश्न पडतो की वर्गातला कोणी आपल्या मुलाला रोज छळत असेल, तर क्षमा करायची म्हणजे सहन करत राहायचे का? मंडळाच्या कार्यक्रमांना आलेल्या काही पालकांनी हा प्रश्न मलाही विचारला. मी समुपदेशक नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण या विषयावर जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, ते इथे मांडत आहे. धर्म कोणताही असो, पालकांना त्याचा उपयोग व्हावा.

दादागिरी कशाला म्हणायची?

मुलांची भांडणे होतातच. सकाळी भांडलेली मुले मधल्या सुट्टीत एकाच डब्यातून खातात. ती दादागिरी नव्हे. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी दादागिरीच्या, म्हणजे बुलिंगच्या, तीन खुणा सांगितल्या : त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. ताकद म्हणजे फक्त अंगबळ नव्हे. एकाविरुद्ध चौघे, नव्याविरुद्ध जुने, कमी बोलणाऱ्याविरुद्ध तोंडाळ, हाही ताकदीतलाच फरक. नॉर्वेत १९८३ मध्ये ओल्वेयस यांच्या कामाच्या आधारे शाळांसाठी देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हापासून ही व्याख्या जगभर वापरली जाते.

आपल्याकडे हे बालरथ बसमध्ये, स्वच्छतागृहाजवळ, खेळाच्या मैदानावर आणि आता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घडते. मारणे दिसते. पण नाव ठेवणे, उच्चारांवरून चिडवणे, डबा लपवणे, मुद्दाम खेळात न घेणे हे शिक्षकांच्या नजरेतून सुटते. बदलीच्या नोकरीमुळे मध्येच शाळा बदलावी लागलेल्या मुलांना हे जास्त भोगावे लागते, कारण त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी अजून झालेले नसते.

‘दुसरा गाल पुढे करा’ याचा अर्थ

येशूचे हे वचन सर्वांना माहीत आहे. ख्रिस्ती समुपदेशक त्याचा अर्थ ‘सूड घेऊ नका’ असा सांगतात, ‘मार खात राहा’ असा नव्हे. त्यासाठी बायबलमधलाच आधार आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, महायाजकासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला चापट मारतो. येशू उलट मारत नाही, पण गप्पही बसत नाही. माझे काही चुकले असेल तर ते दाखव, नसेल तर मारलेस का, असा जाब तो विचारतो. पुढे प्रेषित पौलाला फटके मारण्यासाठी बांधतात, तेव्हा तोही आपण रोमन नागरिक असल्याचे सांगून कायद्याचे संरक्षण मागतो. म्हणजे राग न ठेवणे आणि दाद मागणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

योसेफाची गोष्ट

बायबलच्या कथा मराठीला नव्या नाहीत. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये आपल्या रायतूरलाच छापले गेले. या विषयासाठी बायबलमधली योसेफाची गोष्ट फार उपयोगी आहे. याकोब या मुलाचे जास्त लाड करतो, त्याला खास अंगरखा देतो. भाऊ जळतात, त्याला खड्ड्यात टाकतात आणि वीस रुप्यांना विकतात. थोरला भाऊ रऊबेन त्यांना ठार मारण्यापासून रोखतो, पण उघडपणे योसेफाच्या बाजूने उभा राहत नाही. मागाहून येऊन सोडवू, असे तो मनात ठरवतो. तो परततो तेव्हा खड्डा रिकामा असतो.

पुढे योसेफ मिसरात मोठा अधिकारी होतो. दुष्काळात भाऊ धान्यासाठी त्याच्या दारात येतात. तो त्यांना ओळखतो, पण लगेच गळ्यात पडत नाही. धाकटा बन्यामीन चोरीच्या आळात अडकेल अशी परिस्थिती तो निर्माण करतो. तेव्हा योसेफाला विकण्याची कल्पना ज्याने काढली होती, तोच यहूदा बन्यामीनच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो. भाऊ बदलले आहेत हे पाहिल्यावरच योसेफ आपली ओळख देतो आणि त्यांना जवळ घेतो.

क्षमा आणि समेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे समुपदेशक सांगतात ते यामुळेच. क्षमा म्हणजे मनातले वैर सोडणे, ते मूल आपल्या वेळाने करील. पुन्हा मैत्री करायची की नाही, हे समोरचा बदलला आहे का यावर ठरते. त्याआधी मुलाची सुरक्षितता. दोघांना ऑफिसात बोलावून पाच मिनिटांत ‘सॉरी म्हण आणि हात मिळव’ म्हटल्याने ती मिळत नाही.

घरी काय करावे?

शाळेत जायची टाळाटाळ, रविवारी रात्री पोट दुखणे, वस्तू हरवणे, फाटलेली वही, अचानक गप्प होणे, मोबाइल लपवणे ही लक्षणे दिसली तर चौकशी करा. मुले पुष्कळदा आई-वडिलांआधी आजी-आजोबांना सांगतात, तेव्हा आपण ज्येष्ठांनी कान उघडे ठेवावेत.

मूल बोलू लागले की आधी पूर्ण ऐका. ‘तूच काहीतरी केले असशील’, ‘दुर्लक्ष कर’, ‘तूही एक ठेवून दे’ ही तीन वाक्ये टाळा. पहिल्याने मूल पुन्हा सांगणार नाही, दुसऱ्याने ते एकटे पडते आणि तिसऱ्याने शिक्षा त्यालाच होते. ‘सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही, आपण मिळून मार्ग काढू’ एवढे म्हटले तरी मुलाला धीर येतो. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे, हे ख्रिस्ती समुपदेशनातले मूळ सूत्र आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर, तुझी किंमत वर्गातली चार मुले ठरवत नाहीत, हे मुलाला घरातून कळले पाहिजे.

शाळेत कसे जावे?

मत्तयाच्या शुभवर्तमानात तक्रारीचा क्रम दिला आहे : आधी त्या व्यक्तीशी एकट्याने बोला, मग एक-दोन साक्षीदार घेऊन जा, तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे ठेवा. मोठ्यांसाठी हा क्रम चांगला आहे. पण दादागिरीत ताकद सारखी नसल्यामुळे मुलाला एकट्याने समोर पाठवू नये. पहिल्या पायरीपासून मोठे माणूस सोबत हवे.

१. नोंद ठेवा : तारीख, जागा, काय झाले, कोण हजर होते. व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. बँकेत आम्ही तोंडी तक्रारीवर फारसे काही करू शकत नसू, शाळेचेही तसेच असते.
२. आधी वर्गशिक्षकांना भेटा. आठवड्यात फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
३. ‘त्या मुलाला काढून टाका’ असे म्हणण्याऐवजी ठोस गोष्टी मागा : बसमध्ये जागा बदलणे, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणे, समुपदेशकाची भेट, पंधरा दिवसांनी पुन्हा आढावा.
४. त्या मुलाच्या घरी परस्पर जाऊ नका. वाड्यावरच्या ओळखीत मुलांचे प्रकरण दोन कुटुंबांचे भांडण होते.

सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना दादागिरी रोखण्यासाठी समिती नेमण्याच्या सूचना दिल्या आहेत. तुमची शाळा सीबीएसईची असेल तर ही समिती आहे का, हे विचारा. मूल घाबरलेले असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ आहे. मूल जगण्याचा कंटाळा आल्यासारखे बोलत असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आपलेच मूल त्रास देत असेल तर?

असा फोन शाळेतून आला तर ‘आमचा बाळ असा नाहीच’ म्हणू नये, आणि चारचौघांत मारूही नये. घरात मुलांमध्ये डावे-उजवे होते का, मोठ्यांची भाषा कशी आहे, हे तपासावे. याकोबाच्या घरातले दुखणे तिथेच सुरू झाले होते. बायबलमधला जक्कय हा जकातदार पश्चात्ताप झाल्यावर, ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल करतो. तसेच मुलालाही भरपाई करायला लावावी : फाडलेली वही नवी आणून देणे, ग्रुपवर लिहिलेले त्याच ग्रुपवर मागे घेणे. आणि ज्याला त्रास झाला त्याची तयारी असेल तेव्हाच माफी मागायला न्यावे.

बघणारी मुले

फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी दाखवून दिले की दादागिरीत फक्त दोघेच नसतात. साथ देणारे, हसणारे, बाजूला राहणारे आणि बाजू घेणारे असा सगळा वर्ग त्यात असतो. तिथल्या ‘किवा’ या शालेय कार्यक्रमाचा भर म्हणूनच बघ्यांवर आहे. आपल्या बहुतेक मुलांची जागा याच बघ्यांत असते. धिटाईने आडवे जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही, पण एकट्या पडलेल्या मुलाशेजारी डबा घेऊन बसणे आणि बाईंना सांगणे जमते. ‘सांगणे म्हणजे चुगली नव्हे’ हे घरात एकदा स्पष्ट बोलून ठेवा. आज रात्री जेवताना मुलांना एवढेच विचारा : तुझ्या वर्गात एकटे कोण बसते?