बिंदुमाधव ते ‘प्रास’ : चित्रकारांनी काढलेली पुस्तकं

काशीच्या पंचगंगा घाटावर कार्तिक महिनाभर आकाशदिवे लागतात. बांबूच्या टोकाला टोपली, टोपलीत दिवा, आणि खालून दोरी ओढणारा एक माणूस. घाटावरचं आजचं बिंदुमाधवाचं मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. देखण्या पुस्तकांच्या मराठी वाटेचा मागही औंधलाच जातो.

तसा हा घाट पुस्तकात आधीच उतरला होता. काशीच्या टांकसाळीत नोकरीला असलेल्या जेम्स प्रिन्सेपने याच घाटावरच्या औरंगजेबाच्या मशिदीचे मिनार डागडुजी करून सावरले आणि १८३० पासून काशीची स्वतः काढलेली चित्रं शिळाछापाने प्रसिद्ध केली. ते मिनार आता घाटावर नाहीत, कागदावर आहेत.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे होते, तसेच चित्रकारही. १९१६ मध्ये त्यांचं ‘चित्ररामायण’ निघालं. १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या सचित्र, चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले. काम १९६६ मध्ये पुरं झालं. आज ती आवृत्ती ओळखली जाते ती पाठभेदांसाठी; पण तिच्या मुळाशी एका चित्रकाराची हौस होती.

त्याच औंधात श्रीपाद दामोदर सातवळेकर येऊन राहिले. हेही चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. कुंचला ठेवून त्यांनी स्वाध्याय मंडळ काढलं आणि वेद छापायला घेतले. ऋग्वेदाच्या छपाईत अक्षराखाली आडवी रेघ अनुदात्ताची, डोक्यावर उभी रेघ स्वरिताची. जुळाऱ्याचा हात एका रेघेपुरता चुकला तरी स्वर बिघडतो. असं काम तारखेला बांधलेल्या छापखान्यात होत नाही. त्याला घरचं यंत्र लागतं आणि मुद्रितं पुन्हा पुन्हा वाचणारा माणूस लागतो. १९४८ नंतर मंडळ गुजरातेत पारडीला गेलं. काम चालू राहिलं.

औंधला राजाश्रय होता. मुंबईत अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाला तोही नव्हता. ‘असो’ या अनियतकालिकातून आलेला हा संपादक, आणि जोडीला अरुण कोलटकर : पुन्हा जे. जे.चा विद्यार्थी, पोटासाठी जाहिरातीत. कोलटकरांचं ‘जेजुरी’ १९७६ मध्ये इंग्रजीत लिहिणाऱ्या चार कवींनी मिळून चालवलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’कडून आलं, १९७७ मध्ये ‘प्रास’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढलं. पुढचं मोठं मराठी पुस्तक यायला २००३ उजाडलं. त्या साली आलेल्या ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मधली पंचवीस वर्षं धंद्याच्या हिशेबात बसत नाहीत.

राजा, वेदपंडित आणि कवी, तिघेही चित्रकार निघावेत हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. चित्रकाराला पान आधी दिसतं, मग त्यातला मजकूर. किती जागा मोकळी सोडायची हे तो दुसऱ्यावर सोपवत नाही. आपल्याकडे मोजक्या प्रतींच्या पुस्तकाची श्रीमंती सोनेरी कडांत क्वचितच होती. ती या हट्टात होती.

‘प्रास’ने १९८३ मध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता पोस्टर म्हणून छापली. शिलाई नाही, बांधणी नाही, नुसता एक कागद. पुढे १९९४ मध्ये ती एका नियतकालिकाच्या अंकात पुन्हा छापली गेली, खटला झाला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती कविता वाचावी लागली.