आधी पाऊल, मग उभारी

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर जिल्ह्यातली आणि शेजारच्या नांदेडमधली कितीतरी गावं ओस पडतात. त्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण असतो. शेतात कडब्याची कोप उभी राहते, भज्जी-आंबिलाची भांडी डोक्यावर घेऊन सगळं गाव रानाच्या वाटेला लागतं आणि आल्यागेल्याला जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही. अशा दिवशी एखादा माणूस "तुम्ही जा, मला नको" म्हणून घरातच पडून राहतो. गेल्या साली अख्खी गल्ली शेतावर गोळा करणारा हाच माणूस. ताप नाही, जखम नाही, घरात भांडणही नाही. मग झालंय काय?

नैराश्याच्या आजाराचं, म्हणजे डिप्रेशनचं, हे सर्वांत चकित करणारं लक्षण. रडू येईलच असं नाही, पण आवडीच्या गोष्टी आवडेनाशा होतात. जेवणाची चव जाते, पहाटेच जाग येते आणि सकाळ सर्वांत जड जाते. दवाखान्यात तो मनाचं काहीच बोलत नाही. "अंगात त्राण नाही, डोकं जड पडतंय, झोप लागंना," एवढंच सांगतो. सलाईन लावून होतं, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि आजार तिथंच राहतो. असं दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज चाललं, तर तो आळस नाही, कमकुवतपणाही नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 20 प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार गाठतो.

तो टिकतो कसा, हे समजलं की थक्क व्हायला होतं. कर्ज, नापिकी, एखाद्याचं जाणं किंवा शरीरातलाच काही बदल, सुरुवात कशानेही होवो. मन लागत नाही म्हणून माणूस पारावर जाणं सोडतो, मग आखाड्यावर जाणं, मग पाहुण्यारावळ्यांकडे. ज्या गोष्टींतून मनाला बरं वाटायचं त्या एकेक सुटत जातात, त्यामुळे मन आणखी खचतं आणि खचलं म्हणून आणखी सुटतं. घरचे म्हणतात, "आधी उमेद धर, मग आपोआप कामाला लागशील." पण उमेदच तर आजाराने नेलेली असते.

उपचार इथं उलट्या बाजूने शिरतो. बॅटरी उतरलेला ट्रॅक्टर आपण ढकलून चालू करतो. एरवी इंजिन चाकं फिरवतं, तेव्हा मात्र चाकंच इंजिनाला फिरवतात. तसंच आधी छोटी कृती करायची आणि मनाला मागून येऊ द्यायचं. आज अंगणापर्यंत, उद्या शेजारी, परवा बांधापर्यंत. काय केलं आणि त्यानंतर कसं वाटलं, हे सोबत बसून पाहायचं. ट्रॅक्टर ढकलायला दुसरी माणसं लागतात, इथंही लागतात.

हे खरंच चालतं का, हे गोव्यात तपासलं गेलं. 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांना अभ्यासात घेतलं. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ वेळा अशी छोटी पावलं ठरवणारा संवाद मिळाला. संवाद साधणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. ती स्थानिक, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक आजारातून बाहेर पडले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातले 39 टक्के. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांतल्या 'विश्राम' प्रकल्पाचेही आकडे प्रसिद्ध झाले. तिथं नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेलं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन या आजाराविषयी उघड बोलायला सुरुवात केली होती.

मराठवाड्यात हे बीज आहे. 2015 मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांची झळ बसलेल्या 14 जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात लातूर आणि नांदेड दोन्ही आहेत. घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करण्याचं काम त्यात आशाताईंकडे आलं. लसीकरणासाठी उंबऱ्यावर येणारी, ओळखीची बाई "दादा, झोप लागते का?" विचारते, तेव्हा जे डॉक्टरसमोर निघत नाही ते बोललं जातं. अर्थात बोलण्याने कर्ज फिटत नाही. पण कर्जाशी झुंजायला लागणारं बळ परत येऊ शकतं.

आजार तीव्र असेल तर औषधं लागतात. मेंदूतल्या रसायनांवर त्यांचा परिणाम काही तासांत सुरू होतो, पण माणसाला बरं वाटायला दोन ते चार आठवडे जातात. हा उशीर शास्त्रज्ञांना आजही कोड्यात टाकतो. म्हणूनच "आठवडा झाला, गुण नाही" म्हणून गोळ्या सोडू नयेत आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता थांबवूही नयेत.

घरच्यांच्या हातात पुष्कळ आहे. "मनाला लावून घेऊ नकोस" हे वाक्य सोडा. "चल, मी पण येतो" म्हणा. लातूर-नांदेडला खोली करून शिकणाऱ्या लेकराला फोनवर मार्कांच्या आधी झोप आणि जेवण विचारा. जीव नकोसा झालाय का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट माणसाचं ओझं हलकं होतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा आणि त्याच दिवशी मदत घ्या.

लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जाणं जमत नसेल तर 14416 हा 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आजच फोनमध्ये साठवा आणि तुमच्या ओळखीत जो माणूस हल्ली कुठंच दिसत नाही, त्याच्या घरी जाऊन या.