‘मुलगाच तो!’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोफ्यावरून उड्या मारणारा चार वर्षांचा मुलगा, दोन वर्षांचा होऊनही दोन शब्द जोडून न बोलणारा मुलगा, बहिणीला चावून पळणारा मुलगा आणि जेवण झाल्यावर ताट तिथेच टाकून उठणारा मुलगा. या चौघांच्याही बाबतीत आपल्या घरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘मुलगाच तो, असाच असायचा.’ आजी ते कौतुकाने म्हणते, आई दमून म्हणते, बाबा हसून म्हणतात. वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. पहिली बव्हंशी वयाची आहे, दुसरीसाठी डॉक्टरांकडे जायला हवं, तिसरीला वळण लावायला हवं आणि चौथी आपणच शिकवलेली आहे. मुलगे आणि मुली यांच्यात जन्मजात फरक नाहीतच, असं म्हणण्याचं कारण नाही. काही फरक आहेत आणि ते मोजलेही गेले आहेत. पण ते लहान आहेत, त्यांवर रचलेला समजुतींचा डोलारा मोठा आहे आणि त्याची पहिली किंमत तो मुलगाच मोजतो.

सर्वांत शास्त्रीय वाटणारा गैरसमज हार्मोनचा. ‘चौथ्या वर्षी मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन उसळतं, म्हणून ते आवरत नाहीत’ हे विधान पालकत्वाच्या पुस्तकांतून आणि व्हॉट्सॲपवरून फिरत असतं. प्रत्यक्षात मुलग्याच्या शरीरात हे हार्मोन गर्भात असताना वाढतं, जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा एकदा वाढतं, साधारण सहाव्या महिन्यापर्यंत खाली येतं आणि वयात येण्याची सुरुवात होईपर्यंत, म्हणजे नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान कधीतरी, अगदी कमी राहतं. चौथ्या वर्षी उसळण्यासारखं काही नसतं. मग बालवाडीत मुलगे जास्त धावताना दिसतात ते खोटं का? खोटं नाही. वॉरन ईटन आणि लेस्ली एन्स यांनी 1986 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की मुलग्यांची हालचाल सरासरीने जास्त असते. मात्र हा फरक किती? एक मुलगा आणि एक मुलगी अशा शंभर जोड्या कशाही निवडल्या, तर साधारण 64 जोड्यांत मुलगा जास्त चळवळ्या निघेल आणि 36 जोड्यांत मुलगी. म्हणजे शांत मुलग्यात काही कमी नाही आणि हूड मुलीत काही बिघडलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली 60 मिनिटं चांगली दमवणारी. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. दोन खोल्यांच्या घरात या तीन तासांची सोय झाली नाही, तर ती सोय मूल सोफ्यावर करून घेतं.

इथे पालक म्हणतील, ‘आम्ही रोज डोळ्यांनी बघतो, अभ्यास कशाला हवेत?’ अडचण अशी की आपल्याला काय दिसतं हे आपण काय अपेक्षा ठेवून बघतो त्यावर बरंच अवलंबून असतं. डॅनियल हूवर आणि रिचर्ड मिलिच यांचा 1994 मधला प्रयोग याबाबत बोलका आहे. गोड खाल्लं की आपला मुलगा अंगात आल्यासारखा करतो, असं सांगणाऱ्या 35 आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे मुलगे त्यात होते. सगळ्या मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की त्यात भरपूर साखर आहे. या आयांना आपले मुलगे जास्त दंगेखोर वाटले. एवढंच नाही, त्या मुलाच्या जास्त जवळ घोटाळल्या आणि त्याला जास्त टोकत राहिल्या. पुढच्याच वर्षी अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. साखर कमी द्यावी ती दातांसाठी आणि वजनासाठी. अपेक्षेप्रमाणेच दिसणं तान्ह्या बाळांच्या बाबतीतही घडतं. जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी 1976 मध्ये प्रौढांना एका बाळाची चित्रफीत दाखवली. डब्यातून अचानक उसळून येणारं खेळणं पाहून ते बाळ दचकतं आणि रडतं. बाळ मुलगा आहे असं सांगितलेल्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, मुलगी आहे असं सांगितलेल्यांना भीती. बाळ एकच, चित्रफीत एकच. रागावलेल्याला आपण आवरतो आणि घाबरलेल्याला उचलून घेतो. म्हणजे ‘मुलगा’ हा शब्द कानावर पडताच बाळाच्या वाट्याला येणारा स्पर्शसुद्धा बदलू शकतो.

या समजुतींतली सर्वांत महाग पडणारी समजूत बोलण्याची. ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला’ हे ऐकून कित्येक घरं वाट बघत बसतात. मुली बोलण्यात पुढे असतात हे खरं, पण ती आघाडी सरासरीने एक-दोन महिन्यांची असते. तिच्या भरवशावर मुलग्याला वर्षभराची सूट मिळत नाही. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्दांचे तुकडे, ही अपेक्षा दोघांसाठी सारखीच आहे. उलट इथे मुलग्याबाबत जास्त सावध राहायला हवं, कारण स्वमग्नतेचं निदान मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तीन-चार पट जास्त होतं. ऐकू कमी येत असेल तरी बोलणं लांबतं, आणि ते तपासणीशिवाय घरी कळेलच असं नाही. तपासणी दूरही नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात. विकासातला विलंब शोधणं हे त्यांच्या ठरलेल्या कामांपैकी एक आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत. तपासणीत काही निघालं नाही तर एक सकाळ गेली. काही निघालं, तर हाती लागलेले महिने अमूल्य असतात.

‘मुलगे दणकट असतात, त्यांना काही होत नाही’ हा पुढचा समज. इथे तर जीवशास्त्र उलट्या बाजूला आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये मुलग्यांची प्रकृती मुलींपेक्षा नाजूक असते, हे नवजात बालकांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. भावनांचंही असंच. तारा चॅप्लिन आणि अमेलिया अल्डाओ यांनी 2013 मध्ये शेकडाभराहून अधिक अभ्यास तपासले. मुलग्या-मुलींच्या भावना व्यक्त करण्यातले फरक एकूण अगदी लहान निघाले, वयानुसार बदलणारे निघाले, आणि आई-वडिलांसमोर ते आणखी कमी होते. तरीही ‘मुलीसारखा काय रडतोस’ हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून सुरू होतं. त्यातून मुलाला दुखायचं थांबत नाही, फक्त सांगायचं थांबतं. याचा धोका किती हे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अहवालात दिसतं. महाराष्ट्र आणि गोव्यासह 13 राज्यांत हा अभ्यास झाला. लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये जवळजवळ 53 टक्के मुलगे होते. शारीरिक छळ झालेल्यांमध्येही निम्म्याहून अधिक मुलगेच होते. 2012 चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. घरातली सावधगिरी मात्र अजून भेद करते: मुलीला ‘चांगला-वाईट स्पर्श’ शिकवला जातो आणि मुलग्याला ‘तुला काय होतंय’ म्हणून कुठेही पाठवलं जातं.

मार देण्याचं समर्थनही याच दणकटपणावर उभं असतं: ‘मुलग्यांना शब्द कळत नाहीत, हात उचलावाच लागतो.’ एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये सुमारे 1 लाख 60 हजार मुलांची माहिती असलेले अभ्यास एकत्र केले. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि मानसिक त्रास जास्त आढळला, पुढे वागणं सुधारल्याची खूण आढळली नाही. यावर रास्त आक्षेप असा की वांड मुलंच जास्त मार खातात, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? म्हणूनच मुलांचं आधीचं वागणं हिशेबात धरून त्यांच्यामागे वर्षानुवर्षं गेलेले अभ्यास महत्त्वाचे ठरतात, आणि त्यांतही मारामुळे त्रास वाढतानाच दिसतो. गंमत अशी की जिथे मुलगा असण्याचा खरोखर संबंध आहे, तिथे आपण तो मानत नाही. अंथरूण ओलं होण्याची तक्रार मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये साधारण दुप्पट आढळते, आणि आई किंवा वडिलांना लहानपणी ती असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. त्यात आळस नाही, खोडसाळपणा नाही. पाचव्या वर्षी अनेक मुलांना ही तक्रार असते आणि बहुतेकांची वयानुसार आपोआप जाते. नेमकी इथे ‘मुलगाच तो’ ही सवलत रद्द होते आणि ‘एवढा घोडा झालास तरी’ सुरू होतं.

घरकामाच्या बाबतीत तर ‘मुलग्यांना त्याची उपजत आवडच नसते’ असं सरसकट मानलं जातं. दोन-तीन वर्षांचं कुठलंही मूल केरसुणी ओढत आईच्या मागे फिरतं, मटार सोलायला बसतं. मुलग्याच्या हातातून ते काम आपण काढून घेतो आणि दहा वर्षांनी त्याला आवड नाही म्हणतो. त्या दहा वर्षांचं पुढे काय होतं, हे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं: घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष 88. कुठल्याही हार्मोनने हा तीन तासांहून मोठा फरक समजावून सांगता येणार नाही. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्याची बातमी झाली होती. ती बातमी व्हावी लागली, यातच सगळं आलं.

शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप असा की जग मुलग्यांशी मऊपणे वागणार नाही, मग त्याला टणक करायला नको का? हवंच. पण टणकपणा कशाने येतो हाही प्रश्न आहे. जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या काही कुटुंबांचा मुलं पाच वर्षांची असल्यापासून आठ वर्षांची होईपर्यंत अभ्यास केला. ज्या घरांत मुलाच्या रागाला, रडण्याला नाव देऊन मग मर्यादा घातली जात होती, तिथली मुलं स्वतःला जास्त सावरू शकत होती आणि अभ्यासातही पुढे होती. मर्यादा घालणं हा त्यातला अर्धा भाग आहे, हे विसरून चालणार नाही. चावणाऱ्या मुलाला ‘तुला राग आलाय, पण चावायचं नाही’ असं सांगावं लागतं आणि ते रोज सांगावं लागतं. ‘मुलगाच तो’ म्हणून सोडून दिलं की हे कष्ट वाचतात, म्हणूनच ते वाक्य इतकं लोकप्रिय आहे.

म्हणून पुढच्या वेळी ते तोंडावर आलं की एकच चाचणी लावावी: हेच वागणं मुलीचं असतं तर आपण काय केलं असतं? तिला डॉक्टरांकडे नेलं असतं, जवळ घेतलं असतं, टोकलं असतं किंवा ताट उचलायला लावलं असतं, तर त्यालाही तेच करावं.