होडीनें प्यालेलें पाणी

काचतंतू व राळ यांची ‘फायबर’ची होडी लांकडासारखी कुजत नाहीं, म्हणून ती पाणीही पीत नसावी, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः वर्षानुवर्षें वरच्या लेपांतून थोडें थोडें पाणी आंत झिरपतें, राळेंतील विद्राव्य द्रव्यें त्यांत उतरतात, तें द्रावण आणखी पाणी ओढतें, आणि कवचावर फोड उठतात. फोड फुटला म्हणजे शिरक्यासारखा आंबट वास येतो.

तपासनिसाचें यंत्र मात्र प्रत्यक्ष पाणी मोजीत नाहीं. विद्युत् सांठविण्याची पात्रता पोकळीची 1 मानल्यास कोरड्या फायबरची 4 ते 5, तर पाण्याची 80 च्या आसपास भरते. म्हणून ओल असली कीं कांटा चढतो. पण तो आंतून टेकलेल्या लोखंडी टांकीनें चढतो, पृष्ठभागावरील मिठानें चढतो, तांबेंयुक्त रंगानेंही चढतो! शिवाय यंत्रावरचे टक्के पुष्कळदा लांकडाच्या हिशेबाचे असतात. अशा एका आंकड्यावर धडधाकट होडीचा सौदा मोडतो, किंवा चांगला लेप सोलला जाऊन ती महिनोन्महिने धक्क्यावर सुकत पडते. म्हणून जाणता तपासनीस कवच गोड्या पाण्यानें धुऊन सुकूं देतो, जागोजागीं रंग खरवडतो, पाणरेषेच्या वरचे व खालचे आंकडे ताडून पाहतो, आणि हातोडीनें हलकेंच ठोकून नाद ऐकतो.