जागा हवी आहे

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की आपल्याकडे गाण्याचे दिवस सुरू होतात. डिसेंबरात पुण्याला 'सवाई', मग पार्ले, दादर, ठाणे, डोंबिवली. थंडी ओसरेपर्यंत रसिकांना उसंत म्हणून नसते. नेमक्या याच दिवसांत मुंबईत आणखी एका संगीताचा हंगाम येतो आणि बहुतेक मराठी घरांना पत्ता न लागताच निघूनही जातो. हा हंगाम जॅझचा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये नोव्हेंबरच्या सुमारास आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सव होतो. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत फेब्रुवारीत भरणारा ब्लूजचा महोत्सव २०११ साली सुरू झाला, आणि ब्लूज ही तर जॅझची थोरली बहीणच. एप्रिलच्या ३० तारखेला, उकाड्याने जीव नकोसा झालेला असताना, जागतिक जॅझ दिन येतो. युनेस्कोने २०११ साली तो जाहीर केला आणि तेव्हापासून त्या आठवड्यात मुंबईतही कुठे ना कुठे मैफली होतात. मधल्या काळात वांद्रे, खार, लोअर परळ अशा भागांतल्या लहान जागांमधून पन्नास-साठ माणसांपुढे कुणी ना कुणी वाजवत असतेच.

जॅझ म्हटले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक म्हणजे 'धांगडधिंगा', आणि दुसरी 'ते बड्या लोकांचे'. पहिली सरळसरळ अज्ञानातून आली आहे. दुसरीत मात्र थोडा इतिहास आहे.

मुंबईत जॅझ आला तोच मुळी ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात. लिऑन अ‍ॅबी नावाचा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक १९३५ साली आपला वाद्यवृंद घेऊन तिथे आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवर राक्षसी ताकदीने हात चालवणारा टेडी वेदरफर्ड हेही आले. स्वतःच्या देशात ज्यांना कित्येक हॉटेलांत पाहुणा म्हणून पाऊल टाकता येत नसे, ते कलावंत इथे संस्थानिक, साहेब आणि पारशी शेटियांना नाचवत होते. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ साली पटकीने तिथेच वारला. त्या नृत्यगृहात सामान्य मुंबईकराला प्रवेश असण्याचा प्रश्नच नव्हता. पण वाद्यवृंदात होता! गोव्याहून आलेली, धोबीतलावच्या 'कुडां'मध्ये वळकटी टाकून राहणारी पोरे या अमेरिकनांच्या शेजारी बसून वाजवू लागली. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली सामायिक खोली. चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून या मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलेले असे. पोर्तुगीजांच्या राज्यात त्या विद्येवर पोट भरत नव्हते, ते मुंबईत भरू लागले.

त्यांच्यातला एक हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ. मुंबईला तो 'चिक चॉकलेट' या नावाने ठाऊक होता. ट्रम्पेट, घोगरा आवाज आणि हातातला रुमाल यांमुळे त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आता यात मराठी घराचा संबंध कुठे आला, असे कुणी विचारील. तर तो 'अलबेला'त आला. १९५१ सालच्या त्या चित्रपटाचे नायक आणि दिग्दर्शक आपले दादरचे मास्टर भगवान, संगीत नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, आणि त्यांच्या साथीला चिक चॉकलेट. तो आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात. ज्या घरात जॅझला 'धांगडधिंगा' म्हटले गेले, त्याच घरात रेडिओवर 'अलबेला'ची गाणी लागली की पोरांचे पाय थिरकत होते आणि आजोबांच्या बोटांचा ठेका खुर्चीच्या हातावर पडत होता. पुढे गणपतीच्या मिरवणुकांतल्या बँडवाल्यांनी या चालींची वरात सबंध महाराष्ट्रभर नेली.

ही गोष्ट एका चिक चॉकलेटची नाही. स्टुडिओत संगीतकार पेटीवर चाल सांगे. ती पन्नास वादकांच्या पुढ्यात कागदावर मांडण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा गोवेकरांचे असे. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच झळकली. गोन्साल्विसांचे नाव 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे घरोघरी पोचले खरे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेली ती दक्षिणा होती. पण हा खरोखरीचा माणूस आहे हे किती जणांना माहीत होते?

दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल, असा या वादकांचा दिनक्रम होता. त्यातली रात्रीची बाजू मोठी नाजूक. १९४९च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि वर्षभरात हॉटेलांच्या मालकांना वाद्यवृंद परवडेनासे झाले. कित्येक वादकांनी कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटची वाट धरली, कित्येक कायमचे स्टुडिओवासी झाले. राहिलेल्यांनी चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, पुन्हा बस्तान बसवले. स्टेशनातून समुद्राकडे चालत निघाले की अ‍ॅम्बॅसेडर, रिट्झ, गेलॉर्ड आणि अ‍ॅस्टोरिया हॉटेलातले 'व्हेनिस' अशी एकामागून एक ठिकाणे लागत आणि बहुतेकांतून ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे सूर बाहेर येत. ख्रिस पेरीचा वाद्यवृंद आणि लोर्नाचा आवाज याच रस्त्याने ऐकला. लोर्नाच्या कोंकणी गाण्यांवर आजही गोव्यात जीव टाकतात, त्यांचा नाद घडला तो या मुंबईच्या रात्रींमध्ये. पुढे ध्वनिमुद्रित संगीत आले, डिस्को आला, आणि आठ माणसांना पगार देण्यापेक्षा एक माणूस तबकड्या लावतो हे मालकांना स्वस्त वाटले. त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

मुंबईतल्या जॅझचा इतिहास हा असा जागांचा इतिहास आहे. एक जागा जाते, वादक आपली वाद्ये उचलतात, दुसरी सापडेपर्यंत लग्नांत वाजवतात. आणि प्रत्येक वेळी जागा गेली ती संगीताशी काडीचा संबंध नसलेल्या कारणाने.

रंगभवनचेच पाहा ना. सेंट झेवियर्स कॉलेजला लागून असलेले हे उघडे नाट्यगृह. फेब्रुवारी १९७८मध्ये निरंजन झवेरी यांनी तिथे 'जॅझ यात्रा' भरवली आणि दर दोन वर्षांनी ती भरत राहिली. पहिल्याच यात्रेला सॉनी रोलिन्स आला होता. सॅक्सोफोनवरचा हा महर्षी मुंबईला नवखा नव्हता. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६८ साली, कीर्ती आणि धावपळ दोन्ही बाजूला ठेवून तो पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता. तसे बडे लोक त्याआधीही येऊन गेले होते. डेव्ह ब्रूबेक १९५८ साली आला तेव्हा त्याने इथे उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर पियानो वाजवला. ड्यूक एलिंग्टन १९६३ साली आला आणि परतल्यावर त्याने लिहिलेल्या रचनांत दिल्लीतल्या एका पाखराची लकेरही आली. पण ते अमेरिकी सरकारने धाडलेले पाहुणे होते. जॅझ यात्रेचे वैशिष्ट्य हे, की ती मुंबईच्या रसिकांनी स्वतः उभी केली. उघड्या आभाळाखाली, कॉलेजची पोरे आणि सूटबूटवाले एकाच रांगेत बसून ऐकत होते. 'बड्या लोकांचे' हा शिक्का पुसला गेला असेल, तर तो तिथे.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरले. रंगभवनच्या आजूबाजूला काय नाही? सगळेच आहे. कार्यक्रम बंद झाले. नियम वाईट म्हणवत नाही. आजाऱ्याच्या उशाशी लाउडस्पीकर लागलेला कुणाला आवडेल? पण बारा महिने नाक्यानाक्यावर ढोल-डीजे सहन करणाऱ्या या शहरात गप्प बसवले गेले ते रंगभवन, याची रुखरुख वाटतेच.

त्यानंतरची मोठी जागा लोअर परळची. मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' सुरू झाले. उत्तम ध्वनियोजना, थेट मंचाकडे तोंड करून बसवलेल्या बैठका आणि आठवडाभर जिवंत संगीत. ज्या गिरणगावाने भजनी मंडळे, शाहीर आणि दशावतार पोसले, त्याच्या बंद पडलेल्या आवारात सॅक्सोफोन वाजावा, यात दैवाची थट्टा म्हणायची की सातत्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. गिरणी कामगाराच्या खिशाला तिथला पेला परवडणारा नव्हता एवढे मात्र खरे. तेही २०१६ साली बंद झाले. त्याच वर्षी गिरगावातले रॉयल ऑपेरा हाउस डागडुजी होऊन पुन्हा उघडले. मुंबईत असे चालते.

बरे, जाऊन ऐकायचे काय आणि कसे? इथे मराठी श्रोत्याला खरे म्हणजे आयती सोय आहे. बंदिश ठाऊक आहे, आवर्तन ठाऊक आहे, गायकाने घेतलेल्या 'जागे'ला दाद कशी द्यायची तेही ठाऊक आहे. जॅझची चौकट याहून फार दूरची नाही. मंचावर बहुधा चारजण असतात: पियानो, डबल बास, ड्रम आणि एखादे फुंकवाद्य. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात. चार मात्रांचा एक 'बार' आणि असे ३२ बार, म्हणजे १२८ मात्रांचे आवर्तन, असा नेहमीचा हिशेब. ब्लूज असेल तर १२ बार. एक तुकडा दोनदा, मग दुसरा तुकडा, पुन्हा पहिला. आपला मुखडा-अंतराच जणू. त्यानंतर धून सोडून एकेक जण त्याच आवर्तनावर आपले म्हणणे मांडतो, आणि ते आयत्या वेळी सुचलेले असते. शेवटी ड्रमवाल्याशी चार-चार बारांचे सवाल-जवाब होतात आणि सगळे पुन्हा धुनेवर येतात.

फरक आहे तो एका मोठ्या गोष्टीत. आपल्या गायकाच्या पाठीशी तंबोऱ्याचा षड्ज ठाम उभा असतो. कुठेही गेलात तरी घर जागेवर आहे. जॅझवाल्याच्या पायाखालची जमीन दर एक-दोन बारांनी सरकते. पियानो आणि बास स्वरसंघ बदलत राहतात आणि सॅक्सोफोनवाल्याला त्या सरकत्या जमिनीवरून चालत आपली ओळ पुरी करायची असते. नवखा श्रोता गोंधळतो तो इथेच. त्यावर सोपा उपाय म्हणजे सगळे सोडून फक्त बासवर कान ठेवावा. तबल्याचा ठेका धरावा तसा तो धरला की आवर्तन हाताला लागते. दाद प्रत्येकाचे एकट्याचे वादन संपले की द्यावी, धून पुरी होण्याची वाट पाहू नये. आणि टाळीचा ठेका द्यायचाच असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपले हात सवयीने पहिलीवर पडतात आणि ड्रमवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

कुणाला ऐकावे? लुई बँक्स यांचे नाव जाहिरातीत दिसले तर दुसरा विचार करू नये. दार्जिलिंगचा हा पियानोवादक कलकत्त्यामार्गे मुंबईत आला, १९८८ साली दूरदर्शनवर घराघरांत पोचलेल्या राष्ट्रीय एकात्मतेच्या गाण्यातही त्यांचा मोठा हात होता. कर्नाटक संगीत आणि जॅझ एकत्र आणण्याचे प्रयोग त्यांनी आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी फार आधी, 'फ्यूजन' हा शब्द स्वस्त होण्यापूर्वीच केले. लुईंचा मुलगा जिनो ड्रम वाजवतो. पण खरी गंमत नाव माहीत नसलेल्या तरुण चौकडीची. त्यांचे चुकते, सावरते, आणि सावरताना कधी कधी असे काही हाती लागते की ते स्वतःच एकमेकांकडे पाहून हसतात.

मुलांना न्यायचे असेल तर सभागृहातला कार्यक्रम निवडावा, आणि वयाची अट आधी विचारून घ्यावी. मद्य मिळते अशा ठिकाणी त्यांना बहुधा घेत नाहीत. लहान जागांत प्रवेशमूल्य किती आणि त्यात खाण्यापिण्याची रक्कम धरली आहे का, हे फोनवर विचारण्यात कमीपणा नाही. काही ठिकाणी प्रवेश फुकट असतो, आणि तिथे वादकांचा मोबदला बहुतेक वेळा तुमच्या बिलावरच अवलंबून असतो, तेव्हा एका कॉफीवर तीन तास काढू नयेत. पुढच्या टेबलावर बसून मोठ्याने गप्पा तर मुळीच मारू नयेत. बहुतेक मैफली दोन भागांत होतात. मधल्या सुटीत बरेचजण घड्याळ पाहून उठतात. पहिल्या भागात वादक जागेचा आणि श्रोत्यांचा अंदाज घेत असतात, नेहमीची वाट धरतात. दुसऱ्या भागात खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात, कुणी पाहुणा वादक गर्दीतून पेटी उघडत मंचावर चढतो, आणि मग जमते. चर्चगेटहून शेवटची गाडी एकच्या सुमाराला आहे.