सांडपाणी वाहिन्यांतील वृक्षमुळे

सांडपाणी वाहिन्यांतील वृक्षमुळे म्हणजे घराची मोरी, न्हाणी व शौचालय यांतून निघणाऱ्या जमिनीखालील नळांत सांध्यांवाटे किंवा तड्यांवाटे शिरून तेथेच वाढलेली झाडांची मुळे होत. या मुळांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, मैला अडकतो आणि काही काळाने वाहिनी पूर्णपणे तुंबते. जुन्या घरांत ही अडचण विशेष आढळते. अशा घरांतील नळ आखूड तुकड्यांचे व अनेक सांध्यांचे असतात, तर परसातील झाडे बहुधा त्या नळांहूनही वयाने मोठी असतात. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात काळ्या जमिनीच्या हालचालीमुळे या अडचणीला निराळे स्वरूप प्राप्त झाले आहे.

जुन्या वाड्यांतील निचरा

परभणी, पाथरी, सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर इत्यादी गावांच्या जुन्या भागांत दगडी जोत्याचे, माळवदी छपराचे वाडे आजही उभे आहेत. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील बहुतेक घरांत आजच्या अर्थाने मलवाहिनी नव्हती. न्हाणीचे व मोरीचे पाणी दगडी पन्हळीतून परसात जाई आणि तेथील केळी, अळू, कर्दळ ते शोषून घेत. उरलेले पाणी गल्लीतील उघड्या गटाराला मिळे. शौचालय असलेच तर ते टोपलीचे असे आणि मैला माणसाने वाहून नेण्याची अमानुष प्रथा त्याला जोडलेली होती.

पुढे पाण्याचे शौचालय आले, तेव्हा ते जुन्याच आराखड्यात बसवावे लागले. भिंतीच्या कडेने किंवा अंगणाखालून चार अथवा सहा इंची चिनी मातीचे नळ टाकले गेले आणि त्यांचे दुसरे टोक सेप्टिक टँकला किंवा गटाराला जोडले गेले. म्हणून ‘वाड्याची जुनी वाहिनी’ असे म्हटले, तरी ती वाड्याइतकी जुनी असतेच असे नाही. पुष्कळदा वाडा, परसातील झाड आणि नळ ही तीन वेगवेगळ्या पिढ्यांची कामे असतात. नळ टाकताना झाडाचा विचार क्वचितच झालेला दिसतो.

भाजलेल्या मातीच्या नळांची विद्या मात्र मराठवाड्याला नवी नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबर याने आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे बांधलेल्या नहरीत खापरी नळांचा उपयोग केलेला आहे. ती योजना स्वच्छ पाण्याची होती, सांडपाण्याची नव्हे. तथापि आखूड नळ आणि अनेक सांधे ही रचना दोहोंत समान आहे.

मुळे आत कशी शिरतात

मूळ नळ फोडून आत जाते, ही सर्वसाधारण समजूत बरोबर नाही. धड नळ आणि घट्ट सांधा यांतून सामान्यतः मूळ आत जात नाही. सांधा आधी सैल होतो किंवा नळाला केसाएवढी चीर पडते. त्या फटीतून ओलावा व वाफ बाहेरच्या मातीत झिरपते आणि तेथील माती आसपासच्या मातीपेक्षा अधिक ओली व खतावलेली राहते. कोरड्या ऋतूत झाडाची बारीक मुळे अशा ओल्या पट्ट्यात दाट वाढतात. त्यांतील एखादे तंतुमूळ फटीतून आत गेले की त्याला पाणी, हवा आणि पोषक द्रव्ये एकाच ठिकाणी मिळतात. त्यानंतर ते जाड होऊ लागते आणि मग मात्र पाचरीप्रमाणे सांधा रुंदावते. मुळांनी नळ फोडल्याचे जे दृश्य शेवटी दिसते, ते या क्रमाचा अखेरचा टप्पा असते.

सांडपाण्याची वाहिनी सहसा पूर्ण भरून वाहत नाही. पाण्याच्या वरचा भाग दमट हवेचा असतो आणि मुळांना तोच मानवतो. म्हणून ती बहुधा नळाच्या वरच्या बाजूने शिरून खाली झालरीसारखी लोंबतात. या झालरीत कागद, केस, तेलकट साय व मैला अडकतो. मूळ फार जुने असेल, तर प्रवाहाच्या दिशेने वाढत जाऊन त्याची कित्येक हात लांबीची शेपटी तयार होते.

चिनी मातीच्या नळाचा एक तुकडा साधारणपणे साठ सेंटिमीटर लांबीचा असे. दहा मीटरच्या वाहिनीत त्यामुळे पंधरा-सोळा सांधे येतात. हे सांधे तागाचा पीळ व सिमेंटचा गिलावा यांनी बुजवीत. असा सांधा ताठ असतो. जमीन हलली की तो लवत नाही, तडकतो.

काळ्या जमिनीचा परिणाम

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली परभणी परिसरातील खोल काळी माती कापसासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यातील चिकणमातीची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात व पावसाळ्यात त्या मिटतात. या मातीत पुरलेला नळ दरवर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा खचतो. सिमेंटचा ताठ सांधा अशा किती फेऱ्या सहन करणार? जुन्या वस्त्या पुष्कळदा ‘पांढरी’वर, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीवर वसलेल्या असल्यामुळे वाड्याखालील जमीन तुलनेने स्थिर असू शकते, परंतु वाहिनी परसाबाहेर काळ्या मातीत उतरते, त्या वळणावर सांधा हमखास तपासावा असे अनुभवी गवंडी सांगतात.

याच मातीमुळे झाडाचा प्रश्नही गुंतागुंतीचा होतो. मोठे झाड उन्हाळ्यात जमिनीतील ओल ओढून घेते व ती अधिक आकसते. उलट, तेच झाड एकाएकी तोडले की जमिनीत ओल पुन्हा साठते, माती फुगते आणि जोते, फरशी व नळ वर उचलले जाऊ शकतात. झाड तोडले म्हणजे वाहिनी सुरक्षित झाली, असे गृहीत धरता येत नाही.

कोणती झाडे

वड, पिंपळ व उंबर हे फायकस प्रजातीतील वृक्ष यात अग्रभागी आहेत. त्यांची फळे खाणारे पक्षी व वटवाघळे बिया भिंतीच्या भेगांत, चेंबरच्या कडेला आणि पन्हळीत टाकतात. त्यामुळे ही झाडे कोणी न लावताही उगवतात. परसातील कडुनिंब व चिंच यांची मुळेही दूरवर जातात. पिंपळ तोडू नये ही श्रद्धा आणि औदुंबराचा दत्तोपासनेशी असलेला संबंध यांमुळे अनेक घरांत रोप लहान असतानाही त्याला हात लावला जात नाही. वास्तविक तेच रोप कोवळे असताना मुळासकट उचलून मोकळ्या जागी लावणे सोपे असते. भिंतीत रुजलेले रोप मोठे झाल्यावर ओढून काढू नये, कारण त्याबरोबर दगडही निखळतात. खोड कापून, दगड क्रमाने उतरवून, मूळ काढून, चुन्याच्या गाऱ्यात ते पुन्हा बसवावे लागतात.

लक्षणे व तपासणी

वाहिनी एकदाच तुंबली तर कारण कचरा असू शकते. दर काही महिन्यांनी त्याच ठिकाणी तुंबत असेल, पाणी जाताना गुडगुड आवाज होत असेल, किंवा उन्हाळ्यात अंगणातील एकच पट्टा हिरवा राहत असेल, तर मुळांचा संशय घ्यावा. लवचीक केबलवरील कॅमेरा नळात सोडून मुळांची जागा निश्चित करता येते. ही सोय नसेल, तर दोन चेंबरमधील सरळ वाहिनी आरसा व विजेरीने पाहण्याची जुनी पद्धत उपयोगी पडते: एका चेंबरमध्ये उजेड पाडावा आणि दुसऱ्यात आरसा तिरपा धरून नळाचे वर्तुळ पाहावे. वर्तुळ पूर्ण दिसले तर मार्ग मोकळा आहे. ही सर्व पाहणी वरूनच करावयाची असते.

मुळे काढण्याच्या पद्धती

भारतात नळ मोकळा करण्यासाठी बांबूच्या लांब कामट्या एकमेकींना जोडून वापरण्याची रीत फार काळ होती. कामटी तुंबलेला मैला ढकलते. मूळ कापत नाही. तिने मुळांच्या जाळीला भोक पडते, पाणी वाहू लागते आणि काही आठवड्यांनी तक्रार पुन्हा येते.

मुळे कापण्यासाठी फिरत्या पोलादी केबलच्या टोकाला पाते बसवलेले यंत्र वापरतात. या प्रकारचे यंत्र अमेरिकेत १९३० च्या दशकात सॅम्युअल ब्लँक यांनी प्रचारात आणले. पाते नळाच्या व्यासापेक्षा किंचित लहान घ्यावे लागते; नळ आधीच तडकलेला असेल तर मोठे पाते त्याचे तुकडे करते. उच्च दाबाच्या पाण्याचे जेटिंग यंत्रही वापरले जाते, परंतु जुन्या विटांच्या व चुन्याच्या गटारात तो दाब सांध्यातील चुनाच धुऊन नेतो. अशा ठिकाणी दाब कमी ठेवणे आवश्यक असते. कापलेली मुळे पुढच्या चेंबरमध्ये जाळी लावून बाहेर काढावीत, अन्यथा ती सेप्टिक टँकच्या तोंडाशी जाऊन बसतात. कापणीने मूळ मरत नाही. छाटलेल्या फांदीप्रमाणे ते अधिक दाट फुटते.

मोरचूद नळात टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. मोरचूदाने स्पर्श झालेली मुळे जळतात हे खरे. परंतु त्यातील तांबे सेप्टिक टँकमधील मैला कुजवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते आणि फुटक्या सांध्यातून जमिनीत उतरते. ज्या वाड्यात आड आहे व त्याचे पाणी वापरात आहे, तेथे हा उपाय वर्ज्य समजावा. ॲसिडने मूळ फारसे मरत नाही, पण चुना व सिमेंट खाल्ले जाते.

माणूस उतरवण्याचा धोका

११ मे २०२३ रोजी रात्री परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा शिवारात शौचालयाच्या टाकीची सफाई करताना पाच कामगारांचा मृत्यू झाला. तेथील सफाईचा मुळांशी संबंध नव्हता. पण तुंबलेली वाहिनी मोकळी करताना जो धोका संभवतो, तो याच प्रकारचा आहे. बंद टाकीत व चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड, मिथेन यांसारखे वायू साठतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, मात्र त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येत नाही म्हणून आत धोका नाही, हा निष्कर्ष प्राणघातक ठरतो. मुळांची जाळी कापल्यावर तिच्यामागे साठलेला मैला एकदम सुटतो आणि त्यातील वायूही मोकळा होतो. अशा दुर्घटनांत बहुधा पहिला माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला वाचवण्यासाठी उतरलेलेही बळी पडतात.

२०१३ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षक साधनांविना गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास बंदी घातली आहे. घरमालकाने खाजगी मजुराला काम सांगितले तरी ही बंदी लागू असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूंसाठीची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. टाकी उपसण्यासाठी शोषणयंत्राची गाडी बोलवावी. अशा सफाईसाठी १४४२० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे.

कायमची दुरुस्ती

मुळे काढल्यानंतर सांधा तसाच ठेवला, तर काम अर्धेच होते. वाहिनी अंगणाखाली असेल, तर खराब भाग हाताने खोदून काढावा व तेथे रबरी कड्यांच्या सांध्याचे पीव्हीसी नळ टाकावेत. तुकडे लांब असल्याने सांधे थोडे होतात आणि रबरी कडे जमिनीबरोबर लवते. चार इंची नळाला चाळीसात एक व सहा इंचीला साठात एक एवढा उतार ठेवण्याचा प्रघात आहे. काळ्या मातीत नळाखाली व भोवती वाळूचा थर दिल्यास फुगवट्याचा ताण कमी होतो.

वाहिनी भिंतीखालून किंवा फरसबंदीखालून जात असेल, तर खोदकामाने पायाच उघडा पडतो. तेथे जुना नळ जागेवर ठेवून त्याच्या आत राळेत भिजवलेले अस्तर घालून ते घट्ट करण्याची पद्धत आहे. ती १९७१ मध्ये लंडन येथे एरिक वुड यांनी प्रथम वापरली. अस्तरात सांधा राहत नाही, त्यामुळे मुळांना फट मिळत नाही. नळ खचून वाकला असेल तर मात्र अस्तरही वाकडेच बसते. अशा वेळी जुनी वाहिनी बंद करून भिंतीपासून दूर नवी टाकणे अधिक हिताचे व पुष्कळदा स्वस्तही ठरते.

वृक्षतोडीची परवानगी

नागरी क्षेत्रात झाड तोडण्यास महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये पूर्वपरवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. परसातील जुना निंब किंवा पिंपळ सहज या वर्गात येतो. खोदकामात खोडाजवळची जाड मुळे तोडल्यास वादळात झाड कोसळण्याचा धोका असतो, म्हणून नव्या वाहिनीचा मार्ग आखताना खोडापासून शक्य तितके अंतर राखतात.