पानगळीच्या जंगलातील विणकर मुंगी

यवतमाळ जिल्ह्यातील जंगल म्हटले की वाघ आठवतो. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये सुमारे तेराशे किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची बातमी झाली, ते योग्यच. मात्र वनस्थळ तुटण्याचा प्रश्न केवळ वाघाचा नाही. विणकर मुंगीसाठी दोन झाडांच्या शेंड्यांत पडलेली काही फुटांची फटही अडचणीची ठरते.

कोकणात ‘ओंबील’ म्हणून ओळखली जाणारी ही तांबूस मुंगी वारुळात नव्हे, तर हिरव्या पानांत घर करते. कामकरी मुंग्या साखळी करून पाने एकमेकांजवळ ओढतात आणि आपल्याच अळ्या तोंडात धरून, धोट्याप्रमाणे फिरवीत, त्यांच्या रेशमाने ती शिवतात. एका वसाहतीची अशी अनेक घरटी लगतच्या झाडांवर विखुरलेली असतात. राणी मात्र सहसा एकच. तिचे घरटे असलेले झाड तोडले गेले, तर उरलेल्या घरट्यांतील मुंग्या काही काळच तग धरतात, कारण नव्या कामकरी मुंग्या जन्मत नाहीत.

घरट्याची पाने वाळली की नवे घरटे विणावे लागते, आणि येथेच विदर्भाच्या कोरड्या जंगलाची अडचण आहे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो. अशा वेळी नाल्याकाठचे आंबा, जांभूळ यांसारखे सदाहरित वृक्ष हाच आधार. नकाशावर ही हिरवी पट्टी नगण्य दिसते. लाकडासाठी किंवा शेतीचा बांध सरकवताना तीच प्रथम जाते. सागाची लागवड कितीही वाढली, तरी तिची भरपाई होत नाही.

दुसरे संकट वणव्याचे. मोहफुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते; पण ऐन एप्रिलमध्ये पसरलेल्या आगीची धग खालच्या फांद्यांवरील घरट्यांना लागतेच. ज्यांची वर्षाची मिळकत मोह-तेंदूवर अवलंबून आहे, त्यांना केवळ दोष देऊन हे थांबणार नाही.

जंगलाच्या कडेला कापूस आहे आणि त्यावरील फवारणी. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. माणसाची ही गत, तर बांधावरच्या आंब्यावरील मुंगीची काय कथा! वास्तविक ही मुंगी पिकांवरील किडी फस्त करते. चीनमध्ये संत्रावर्गीय फळबागांत तिची घरटी मुद्दाम आणून टांगण्याची प्रथा चौथ्या शतकापासून नोंदलेली आहे.